काटा कोणाच्या हातात? एआयसाठी सरकारं आणि कंपन्या जगभर एकत्र बसतात तेव्हा

ऊसपट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे दृश्य पाठ असतं. थंडीचे दिवस, कारखान्याच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लांबलचक रांग. नंबर आला की भरलेली गाडी काट्यावर चढते, आकडा उमटतो. ऊस गव्हाणीत पडतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. दोन आकड्यांतला फरक पावतीवर छापला जातो आणि घरातल्या बारा-पंधरा महिन्यांच्या कष्टांचा हिशेब त्यावर ठरतो. काटा कारखान्याचा, आवार कारखान्याचं, पावतीही कारखान्याचीच. साखर उतारा, म्हणजे उसातून किती साखर निघते त्याचं प्रमाण, काढायचा तोही कारखान्याच्या प्रयोगशाळेत, आणि एफआरपी, म्हणजे उसाचा किमान कायदेशीर भाव, त्याच उताऱ्याला बांधलेला.

म्हणून दर हंगामात ‘काटामारी’ हा शब्द कानावर येतो. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस घ्या, अशी मागणी होते. जिल्हाधिकारी भरारी पथकं नेमतात, वैधमापनशास्त्र विभागाची माणसं येऊन काटे तपासतात. सगळेच कारखाने लबाडी करतात असं कुणी म्हणत नाही. पण ज्याचा फायदा वजनावर अवलंबून आहे त्याच्याच हातात काटा असला, की तो प्रामाणिक असूनही विश्वास बसत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे एआयच्या, जागतिक परिषदांच्या बातम्या गेली काही वर्षं आपण वाचतो आहोत. ब्लेचली, सोल, पॅरिस, मग फेब्रुवारी २०२६ मध्ये नवी दिल्ली. प्रत्येक फोटोत पंतप्रधान, राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या शेजारी कंपन्यांचे प्रमुख. हे सगळे मिळून नेमकं काय ठरवतात, असा प्रश्न साध्या वाचकाला पडतो. माझ्या मते तिथली खरी चर्चा काट्याचीच आहे.

आधी मॉडेल म्हणजे काय ते पाहू

लहानपणापासून भजनाला बसणाऱ्या माणसाला अभंगाचा अर्धा चरण ऐकला की उरलेला आपोआप सुचतो. त्याला व्याकरण विचारा, सांगता येणार नाही. ऐकून ऐकून ते अंगात मुरलेलं असतं. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड अशा नावांनी आपल्यापुढे येणाऱ्या यंत्रणांच्या पोटात असंच काहीसं असतं. अब्जावधी वाक्यं वाचून ‘पुढे काय येईल’ याचा अंदाज बांधायला शिकलेली एक अवाढव्य गणिती रचना. तिलाच मॉडेल म्हणतात.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट अशी: इंजिनाचा आराखडा उघडून दोष शोधता येतो, मॉडेलचं तसं नाही. आत अब्जावधी आकडे असतात आणि अमुक आकड्यामुळे तमुक उत्तर आलं, असं बनवणाऱ्यालाही सहसा सांगता येत नाही. मग एकच मार्ग उरतो. प्रश्न विचारायचे, अडचणीत टाकायचं, आणि ते काय करतं ते मोजायचं. वजनच करायचं.

सरकारांना कंपन्यांकडे का जावं लागतं?

अणुशक्ती, अवकाश, सुरुवातीचं इंटरनेट ही कामं सरकारी पैशातून उभी राहिली. एआयमध्ये पारडं उलटं झुकलं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२५ च्या एआय इंडेक्स अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये आलेल्या उल्लेखनीय मॉडेलपैकी जवळपास ९० टक्के उद्योगांनी बनवली होती. विद्यापीठं मागे पडली याचं मुख्य कारण खर्च. मॉडेल शिकवायला जीपीयू नावाच्या चिप हजारोंच्या संख्येने महिनोन्‌महिने चालवाव्या लागतात.

त्या चिपचा प्रवास पाहिला की कुठलाच देश हे एकट्याने का करू शकत नाही तेही कळतं. जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या चिपचं डिझाइन कॅलिफोर्नियातली एनव्हिडिया करते. त्या बनतात मुख्यतः तैवानमधल्या टीएसएमसीच्या कारखान्यांत. त्या कारखान्यांना लागणारी सर्वांत प्रगत यंत्रं बनवणारी कंपनी जगात एकच, नेदरलँड्समधली एएसएमएल. आणि या चिप चालतात ती डेटा सेंटरं आपल्या पनवेललाही आहेत.

भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये इंडियाएआय मिशनला सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा स्वतःचा कारखाना काढला नाही. खाजगी डेटा सेंटरवाल्यांना यादीवर घेतलं, त्यांच्याकडच्या चिपचा वापर स्वस्त व्हावा म्हणून भाड्यात सवलत दिली. अशा ३८,००० हून अधिक जीपीयू संशोधकांना आणि नवउद्योगांना तासाला सरासरी ६५ रुपयांच्या आसपास मिळू लागल्या. पैसा सरकारचा, यंत्रं कंपन्यांची, चिप परदेशी. आंतरराष्ट्रीय सार्वजनिक-खाजगी भागीदारी या जड शब्दाचा अर्थ आपल्या दारात एवढाच आहे.

मग हे एकत्र येऊन करतात काय?

कामं तीन प्रकारची. एक, मिळून बनवणं. दोन, मिळून नियम ठरवणं. तीन, मिळून मोजणं. बातम्यांत तिन्हींची खिचडी होते, म्हणून वेगळी करून पाहू.

बनवण्याचं एक ताजं उदाहरण पॅरिसचं. फेब्रुवारी २०२५ च्या परिषदेत ‘करंट एआय’ नावाची संस्था जाहीर झाली. लोकोपयोगी एआयसाठी सुरुवातीला ४० कोटी डॉलर, त्यात फ्रान्ससारखी सरकारं, दानसंस्था आणि गूगलसारख्या कंपन्या. अमेरिकेत २०२४ च्या जानेवारीत सरकारी संस्था आणि पंचवीसेक खाजगी भागीदारांनी मिळून संशोधकांना गणनशक्ती पुरवणारा एक पथदर्शी प्रकल्प सुरू केला. आपल्याकडे भाषिणी आहे, आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने चाललेलं भारतजेन आहे, आयआयटी मद्रासचं एआयफोरभारत आहे. मराठीसह भारतीय भाषांत यंत्राला ऐकता-बोलता यावं यासाठी ही मंडळी झटत आहेत, आणि त्यांतल्या काहींना सरकारी पैशाबरोबर खाजगी देणग्यांचाही हात आहे.

नियमांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण नावं खूप आणि त्यांतला बराच भाग घोषणांचा. मे २०१९ मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने एआयची तत्त्वं मांडली. जून २०२० मध्ये पंधरा सदस्यांनी मिळून ‘ग्लोबल पार्टनरशिप ऑन एआय’ स्थापन केली. भारत त्यात पहिल्या दिवसापासून होता आणि डिसेंबर २०२३ ची तिची परिषद दिल्लीत भरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या ब्लेचली पार्कमध्ये २८ देश आणि युरोपीय संघ एका जाहीरनाम्यावर एकत्र आले. त्यांत अमेरिका, चीन आणि भारत तिघेही होते. मे २०२४ मध्ये सोलला १६ कंपन्यांनी लेखी वचनं दिली. तिथे मी पुन्हा येणार आहे.

तिसरं काम मोजण्याचं. त्याच्यावर बातम्या सर्वांत कमी होतात आणि मला ते सर्वांत मोलाचं वाटतं.

सरकारी काटा पहिल्यांदा कुठे बसला?

ब्लेचलीच्या परिषदेच्या सुमारास ब्रिटन सरकारने एआय सेफ्टी इन्स्टिट्यूट काढली. काम एकच: कंपन्यांची सर्वांत ताकदवान मॉडेल बाजारात येण्याआधी किंवा आल्यावर सरकारी शास्त्रज्ञांनी तपासायची. रासायनिक किंवा जैविक शस्त्र बनवायला हे मॉडेल खरोखर मदत करेल का? सायबर हल्ला रचेल का? गैरवापर रोखायला कंपनीने घातलेली कुंपणं किती सहज ओलांडता येतात? अमेरिकेनेही अशीच संस्था उभी केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ओपनएआय व अँथ्रॉपिक या कंपन्यांशी तपासणीचे करार केले. त्याच वर्षाच्या शेवटी दोन्ही देशांच्या संस्थांनी मिळून या दोन्ही कंपन्यांची एकेक मॉडेल तपासली आणि काय आढळलं ते प्रसिद्ध केलं.

ही घटना मला फार मोठी वाटते. दोन सार्वभौम सरकारांची माणसं एका खाजगी कंपनीचा माल, तिच्याच सहकार्याने, स्वतःच्या काट्यावर ठेवतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा संस्थांचं आंतरराष्ट्रीय जाळं सॅन फ्रान्सिस्कोत भेटलं. त्यात जपान, सिंगापूर, दक्षिण कोरिया, कॅनडा, केनिया, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि युरोपीय संघही होते. जानेवारी २०२५ मध्ये भारतानेही इंडियाएआय सेफ्टी इन्स्टिट्यूट जाहीर केली. ब्रिटनने तर मे २०२४ मध्येच आपलं तपासणीचं सॉफ्टवेअर ‘इन्स्पेक्ट’ सगळ्यांसाठी खुलं केलं. आपल्या काट्याची रचनाच जगाला देऊन टाकली म्हणा ना.

उपमा मात्र इथे थोडी अपुरी पडते. उसाचं वजन एकदा केलं की झालं. मॉडेल दर काही महिन्यांनी बदलतं, कधी कधी नाव तेच राहून आतलं बदलतं. उसाच्या काट्याची पडताळणी वर्षातून एकदा झाली तरी चालतं, इथे तो शिक्का महिन्या-दोन महिन्यांतच शिळा होईल. आणखी एक चमत्कारिक अडचण आहे. चाचणी चालू आहे हे काही प्रगत मॉडेलना कधी कधी ओळखू येतं, असं संशोधकांना आढळलं आहे. काट्यावर चढल्यावर ऊस आपलं वजन बदलत नाही. म्हणून मोजण्याचं शास्त्र अजून घडतंच आहे. जगभरच्या तज्ज्ञांनी कॅनडातले एआय संशोधक योशुआ बेंजिओ यांच्या अध्यक्षतेखाली जानेवारी २०२५ मध्ये जो सुरक्षा अहवाल काढला, त्यातही तपासणीच्या आजच्या पद्धतींच्या मर्यादा उघडपणे मांडल्या आहेत.

‘पण कंपन्यांना सोबत घ्यायचंच कशाला? सरकारने सरळ कायदा करावा’

हा आक्षेप मी मनापासून समजू शकतो. ज्याच्यावर अंकुश ठेवायचा, त्यालाच शेजारी बसवून नियम लिहायचे, हे पटत नाही.

पण काटा तपासणाऱ्या निरीक्षकाला काटा कसा चालतो ते माहीत असावं लागतं. आज एआयचं ते ज्ञान, त्या चिप आणि ती माणसं बहुतेक कंपन्यांकडे आहेत. त्यांना बाहेर ठेवून लिहिलेला कायदा कागदावर कडक दिसेल, पण काय मोजायचं तेच त्याला कळणार नाही. म्हणून सहकार्य टाळता येत नाही.

मात्र सहकार्य कुठे थांबायला हवं, याचा धडा विमानांनी दिला आहे आणि तो फार महाग पडला. हवाई वाहतूक हे सरकारं आणि कंपन्या यांच्या सहकार्याचं यशस्वी उदाहरण. डिसेंबर १९४४ मध्ये शिकागोत ५२ देशांनी करार केला, त्यातून निघालेली संस्था आजही माँट्रिऑलहून सगळ्या जगासाठी हवाई सुरक्षेची मानकं ठरवते. विमानं कंपन्या बनवतात, उडण्याचा परवाना सरकारं देतात. म्हणून मुंबईहून निघालेलं विमान दुबईत, लंडनमध्ये निर्धास्त उतरतं.

पण अमेरिकेत हळूहळू एक गोष्ट घडली. विमानं गुंतागुंतीची होत गेली, सरकारी विमान प्रशासनाला माणसं अपुरी पडू लागली, आणि तपासणीचं बरंच काम खुद्द बोइंगच्याच अधिकृत कर्मचाऱ्यांकडे सोपवलं गेलं. बोइंग ७३७ मॅक्समध्ये विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी एक नवी यंत्रणा होती. वैमानिकांच्या माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेखही नव्हता. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियाजवळ एक विमान समुद्रात कोसळलं, मार्च २०१९ मध्ये इथिओपियात दुसरं. दोन्ही मिळून ३४६ माणसं गेली. त्यानंतर डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून तपासणीची दोरी पुन्हा सरकारकडे खेचली.

आता एआयकडे पाहा. निरीक्षक कमी, यंत्र गुंतागुंतीचं, ज्ञान कंपनीकडे. जी वाट विमानांनी तीस-चाळीस वर्षांत चालली, तिच्या सुरुवातीलाच एआय उभं आहे. कंपनीने आपलं ज्ञान द्यावं, आवारात येऊ द्यावं, आपल्या मालाबद्दल जे ठाऊक आहे ते सांगावं. शिक्का मात्र तिने मारू नये.

‘वचनं देऊन काय होतं? उद्या मोडतील’

सोलमधल्या १६ कंपन्यांनी लिहून दिलं की कोणता धोका आम्ही सहन करणार नाही याची रेषा आम्ही आधी जाहीर करू, आणि धोका त्या रेषेखाली ठेवता येत नसेल तर ते मॉडेल बनवणार नाही किंवा बाजारात आणणार नाही. सही करणाऱ्यांत अमेरिकी कंपन्या होत्या, फ्रान्सची मिस्ट्राल होती, कोरियाची सॅमसंग होती, अमिरातीची जी-४२ होती, चीनची झिपू एआयही होती. वचन मोडलं तर दंड? शून्य. रेषा कुठे आखायची? ज्याची त्याने ठरवायची.

म्हणजे आक्षेप खरा आहे. तरी मी या वचनांना टाकाऊ म्हणणार नाही. लेखी शब्द दिला की पत्रकार, संशोधक आणि न्यायालयं त्याकडे बोट दाखवू शकतात. आणि पुढे कायदा लिहिताना त्याच वचनांची भाषा त्यात घेता येते.

युरोपात काहीसं तसंच झालं. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला. त्यातल्या सर्वांत गंभीर गुन्ह्याला कंपनीच्या जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या ७ टक्क्यांपर्यंत दंड आहे. प्रचंड मॉडेल बनवणाऱ्यांनी हा कायदा नेमका पाळायचा कसा, ते सांगणारी आचारसंहिता स्वतंत्र तज्ज्ञांनी लिहिली. हजाराहून अधिक सहभागींची मतं घेतली, त्यांत कंपन्या होत्या, विद्यापीठं होती, नागरी संघटना होत्या. जुलै २०२५ मध्ये ती आली. गूगल, मायक्रोसॉफ्ट, ओपनएआय, अँथ्रॉपिक, मिस्ट्राल यांनी सही केली, मेटाने नकार दिला. पण संहितेवर सही नाही केली तरी कायदा सुटत नाही. तो पाळल्याचं दुसऱ्या मार्गाने सिद्ध करून दाखवावं लागतं. वचनाच्या पाठीशी कायदा उभा राहिला की फरक पडतो तो इथे.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ च्या अध्यक्षीय आदेशाने कंपन्यांना सर्वांत ताकदवान मॉडेलच्या सुरक्षा चाचण्यांचे निकाल सरकारला कळवणं भाग पाडलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये नवे अध्यक्ष आले आणि पहिल्याच दिवशी तो आदेश रद्द झाला. त्या सुरक्षा संस्थेचं नावही पुढे बदललं, ‘सुरक्षा’ जाऊन ‘मानकं आणि नावीन्य’ आलं. संस्था आहे, करारही पुढे चालू राहू शकतात. पण ज्या काट्यामागे संसदेचा कायदा नाही, तो एका सहीने हलतो हे जगाने पाहिलं.

भारताने नोव्हेंबर २०२५ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत सध्या एआयसाठी वेगळा कायदा नको, आहेत ते कायदे वापरू, असा सूर आहे. नवं तंत्र, लहान उद्योग, घाईने केलेला कायदा त्यांना जड जाईल, ही बाजू मला कळते. तरी किमान तपासणी संस्थेला तरी कायद्याचं पाठबळ लवकर मिळावं असं मला ठामपणे वाटतं.

‘अमेरिका आणि चीन भांडत असताना जागतिक करार कसला?’

२०२५ च्या पॅरिस परिषदेच्या जाहीरनाम्यावर चीन आणि भारताने सही केली, अमेरिका आणि ब्रिटनने केली नाही. चिपच्या निर्यातीवर बंदी, प्रतिबंदी चालूच आहे. मग हे सगळं फोल नाही का?

१८६५ सालातली एक गोष्ट सांगतो. तेव्हा युरोपात तारयंत्र नवं होतं आणि प्रत्येक देशाची पद्धत वेगळी. कित्येक सीमांवर तार कागदावर उतरवून पलीकडच्या माणसाच्या हातात द्यायची आणि त्याने ती पुन्हा पाठवायची. त्या वर्षीच्या मे महिन्यात पॅरिसमध्ये वीस देशांनी एक संघटना काढली. त्यात फ्रान्स होता, प्रशियाही होता. पाचच वर्षांत या दोघांत मोठं युद्ध पेटलं. संघटना मात्र टिकली. ती आज आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ म्हणून जिनिव्हात काम करते, आणि तिच्या तांत्रिक गटांत सरकारांबरोबर खाजगी कंपन्याही सदस्य असतात. एकमेकांवर विश्वास नसलेले देशही मोजण्याच्या पद्धतीवर एकमत करू शकतात, कारण त्यात दोघांचीही सोय असते. एआयमध्येही सगळ्या जगाचा एकच कायदा होईल अशी आशा मला नाही. पण एखादं मॉडेल जैविक शस्त्राला मदत करतं की नाही हे कसं तपासायचं, यावर बीजिंग आणि वॉशिंग्टन एकमताने बोलू शकतील, असं मानायला जागा आहे.

मला जास्त काळजी वेगळ्याच फटीची वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या सल्लागार मंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात एक हिशेब आहे. संयुक्त राष्ट्रांबाहेर एआय नियमनाचे सात प्रमुख उपक्रम धरले, तर सातही ठिकाणी असणारे देश फक्त ७. एकाही ठिकाणी नसणारे ११८. जगातल्या १९३ देशांपैकी. म्हणजे काट्याचं माप ठरतं तेव्हा निम्म्याहून जास्त जग त्या खोलीतच नसतं. याच अस्वस्थतेतून ऑगस्ट २०२५ मध्ये आमसभेने ४० सदस्यांचं स्वतंत्र वैज्ञानिक मंडळ आणि सगळ्या देशांना खुला असलेला जागतिक संवाद सुरू करायचं ठरवलं. त्यांच्याकडे दंडाचा अधिकार नाही. तरी त्या ११८ देशांसाठी आत यायचं दार उघडलं आहे.

बारामतीच्या शेतात हेच सगळं

आपल्याकडे या भागीदारीचं सर्वांत जवळचं रूप पाहायचं तर बारामतीला जावं लागेल. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृषी विज्ञान केंद्राने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यासोबत उसासाठी एआयचा प्रकल्प उभा केला. शेतात हवामान केंद्र, जमिनीत ओलावा आणि अन्नद्रव्यं मोजणारे संवेदक, वरून उपग्रहाची छायाचित्रं, आणि या सगळ्यावरून पाणी कधी द्यायचं, खत किती, रोग येण्याची शक्यता कुठे, याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर. पहिल्या टप्प्यात सुमारे हजार शेतकरी होते. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं आणि त्याला ५०० कोटी रुपयांची तरतूद केली, तेव्हा हाच विचार राज्यभर नेण्याचा रस्ता खुला झाला.

पाण्यासाठी एवढे हाल सोसणाऱ्या राज्यात उसाला मोजून पाणी देता आलं तर त्याचं मोल मी सांगायला नको. म्हणूनच अशा कुठल्याही कराराकडे पाहताना गावाने आणि सरकारने आधीच विचारायला हवेत असे काही प्रश्न आहेत. माझ्या शेताची माहिती कोणाच्या मालकीची? करार संपला, कंपनीने सेवेचा दर वाढवला किंवा सेवाच बंद केली, तर पाच वर्षांच्या नोंदी मला दुसरीकडे नेता येतील का? सल्ला चुकला आणि पीक गेलं तर जबाबदार कोण, ट्रस्ट, कंपनी की सरकार? आणि सल्ला बरोबर येतो हे तपासलं कोणी? ज्याने विकला त्याने, की राहुरीच्या, परभणीच्या, अकोल्याच्या, दापोलीच्या कृषी विद्यापीठांनी? हे प्रश्न विचारणं म्हणजे प्रकल्पाला विरोध नव्हे. ट्रॉली काट्यावर चढवणारा शेतकरी कारखान्याचा शत्रू नसतो, सभासद असतो.

मराठीसाठी काटा कोण बनवणार?

तपासणी संस्थांच्या त्याच आंतरराष्ट्रीय जाळ्याने २०२५ मध्ये एक संयुक्त चाचणी केली. मॉडेलची सुरक्षेची कुंपणं इंग्रजीबाहेर किती टिकतात ते पाहण्यासाठी दहा भाषा घेतल्या. त्यांत जपानी, कोरियन, फारसी, स्वाहिली, मलय होत्या आणि भारतातून तेलुगू. इंग्रजीच्या तुलनेत इतर भाषांत कुंपण थोडं कमकुवत पडतं असं चित्र दिसलं. मराठी त्या यादीत नव्हती. आठ कोटींहून अधिक लोकांची ही भाषा. तिच्यात विचारलेल्या धोकादायक प्रश्नाला मॉडेल काय उत्तर देतं, ते सॅन फ्रान्सिस्कोतला किंवा लंडनमधला शास्त्रज्ञ मोजणार नाही. त्याने ते टाळलं असंही नाही, त्याला मराठी येतच नाही.

हा काटा आपणच बनवायचा आहे, आणि तो बनवायला चिपचा कारखाना लागत नाही. तपासणीचं सॉफ्टवेअर खुलं आहे. लागतात ते प्रश्न, आणि त्यांची बरोबर उत्तरं ठाऊक असलेली माणसं. ससूनमधल्या डॉक्टरांनी लिहिलेले औषधांचे प्रश्न, सायबर पोलिसांनी लिहिलेले फसवणुकीचे प्रश्न, नंदुरबारच्या आणि सिंधुदुर्गच्या बोलीत विचारलेले तेच प्रश्न. कृषी विद्यापीठांनी लिहिलेले पिकांचे प्रश्न. उदाहरणार्थ, ‘माझ्या उसाला हुमणी लागली, पानावर काय फवारू?’ प्रश्नातच चूक आहे. हुमणी जमिनीत राहते आणि मुळं खाते. पानावर फवारायच्या औषधाचं नाव आणि मात्रा सफाईदार मराठीत सांगणारं मॉडेल इथे नापास. ‘थांबा, आधी उसाचं बेट उपटून मुळाशी अळी दिसते का पाहा’ असं म्हणणारं पास.